पट्टी हातात आल्याशिवाय कळत नाही

अजाइल ही सॉफ्टवेअर थोडं थोडं करून, ग्राहकाला दाखवत पुढं नेण्याची पद्धत. पण ती म्हणजे नुसत्या रोजच्या मीटिंगा आणि भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्या, असं काही जण म्हणतात. मीटिंगांबद्दल मान्य. 15 मिनिटांची म्हणून सुरू केलेली आमची बैठक पाऊण तास चालायची, चहासकट.

पण टीम तिकडं का वळतात ते मला सांगलीच्या मार्केट यार्डात कळलं. एका हळद अडत्याचं सॉफ्टवेअर करत होतो. आधी सगळं विचारून साठ पानी कागद केला, मालकांनी सहीही केली. पाच महिन्यांनी दाखवलं तर म्हणाले, "अहो, एकाच शेतकऱ्याच्या दोन लॉटना दोन भाव लागतात की! पट्टी मात्र एकच निघते." पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब. आमच्याकडं एका पट्टीला एकच दर. पार डेटाबेसपासून उकरावं लागलं. त्यांची तरी काय चूक? पट्टी छापून हातात येईपर्यंत ते सांगायचं सुचणार कसं?

पुढच्या कामात दर दोन आठवड्यांनी दिवाणजींपुढं काहीतरी चालतं ठेवलं. पहिल्याच खेपेला त्यांनी हमाली-तोलाईची मांडणी बदलायला लावली. दुपारभराचं काम.

आणि 2001 साली अमेरिकेत युटात जमलेल्या 17 जणांच्या अजाइल जाहीरनाम्यात कागदपत्रं फेकून द्या असं कुठंही नाही. चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त मोल, एवढंच.

ग्राहकाला बसायला वेळ नसेल तर मात्र अवघड. हंगामात आम्ही सौदे संपायची वाट बघत पोत्यांवरच बसायचो.