१२५ पैकी १२० फोडल्या तरी फायनल नाही? ट्रॅप शूटिंगचं गणित कुणी समजावेल का

परळचा_दिगू

अथेन्सजवळ मलाकासाला २०२५ च्या ऑक्टोबरात शॉटगनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्यातली पुरुषांच्या ट्रॅपची (हवेत उडणाऱ्या चकत्या शॉटगनने फोडायच्या, तो प्रकार) फायनल परवा यूट्यूबवर पुन्हा बघितली. झोरावरसिंग संधूंनी वयाच्या ४८व्या वर्षी ब्राँझ घेतलं. घरी कौतुकाने सांगायला गेलो तर आई म्हणाली, "अठ्ठेचाळीस? आणि तू चाळिशीतच गुडघ्याला पट्टा बांधून फिरतोस."

असो. बघताना मजा आली, पण अर्धं डोक्यावरून गेलं. पात्रता फेरीत म्हणे १२५ चकत्या, आणि १२० फोडणारेही बाहेर. मग फायनलला सगळे शून्यावर? म्हणजे आधी पहिला आला त्याला काय मिळालं? शिवाय पात्रतेत एका चकतीवर दोन बार काढत होते आणि फायनलला एकच. आणि चकती कुठून येणार हे त्यांना आधी माहीत असतं का? कारण ती दिसेदिसेपर्यंत फुटलेली असते.

विचारतोय त्याला कारण आहे. बहिणीची मुलगी चौदा वर्षांची, दादरला एअर रायफल शिकते, बरी मारते. ही फायनल तिच्यासोबत बघितली तेव्हापासून "मामा, मला हेच करायचंय" चालू आहे. बहीण माझ्याकडे असं बघते की जणू मीच बंदूक आणून दिली.

चहा_कमी_साखर

दिगूभाऊ, भाचीला रायफलच मारू दे. शॉटगन हा महाराजांचा खेळ. बिकानेरचे महाराजा करणीसिंग १९६२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य घेऊन आले, पाच ऑलिंपिक खेळले, दिल्लीची रेंज त्यांच्याच नावाची. २००६ ला झाग्रेबला जगज्जेते झाले ते मानवजीतसिंग संधू. आता झोरावर. यात आपला कुणी दिसतो का? अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, रुद्रांक्ष पाटील, स्वप्नील कुसाळे, सगळे रायफल नाहीतर पिस्तूल. मराठी माणसाची झेप पन्नास मीटरपर्यंत, त्यापुढे ईएमआय सुरू होतो.

बारा_बोअर

चहा, तुझ्याकडे नंतर येतो. आधी दिगूचं १२५.

पात्रता फेरी म्हणजे २५-२५ चे पाच राउंड, बहुतेक वेळा दोन दिवसांत विभागलेले. एका स्क्वाडमध्ये, म्हणजे गटात, सहा जण, उभं राहायच्या जागा पाच. सहावा पहिल्या जागेच्या मागे थांबलेला असतो. एक चकती झाली की उजवीकडच्या जागेवर सरकायचं, पाचव्यावरून चालत परत मागे. समोर १५ मीटरवर जमिनीत खंदक, त्यात १५ मशिन, प्रत्येक जागेसमोर तीन. तुम्ही आवाज दिला की मायक्रोफोन तो पकडतो आणि तिघांपैकी एक मशिन चकती फेकतं. कुठलं, ते नेमबाजाला माहीत नसतं. म्हणजे डावी, उजवी की सरळ, ते दिसल्यावरच कळणार.

पण हा मटका नव्हे. २५ मध्ये प्रत्येकाला १० डाव्या, १० उजव्या आणि ५ मधल्या मिळतात, म्हणून "मला अवघड जास्त आल्या" म्हणायची सोय नाही. काही हुशार मनातल्या मनात हिशेब ठेवतात, डाव्या संपल्या, आता उजवीच येणार. आपला राउंड झाला की पुढच्या स्क्वाडला साइड रेफरी म्हणून उभं राहावं लागतं (फुटली नाही असं दिसलं की हात वर करायचा, एवढंच काम, पण ऊन मी म्हणत असतं), तेव्हा असे हिशेबनीस मी भरपूर बघितलेत. दहातून एखाद्या वेळी बरोबर निघतात, आणि चुकले की खांदाच हलत नाही.

चकती ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने निघते. कुणी हात लावला नाही तर ७६ मीटरवर जाऊन पडते. चांगला ट्रॅपवाला ती स्वतःपासून तीस-पस्तीस मीटरवर फोडतो, आणि आवाज दिल्यापासून हे सगळं एका सेकंदाच्या आत. ११ सेंटिमीटर व्यास, १०५ ग्रॅम वजन, डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची भुकटी दाबून केलेली. हातातून पडली तरी तुकडे होतात, पण मारायला गेलं की अंगावर छर्रे घेऊन तशीच उडत जातानाही दिसते. रेफरीला तुकडा दिसला पाहिजे. नुसती धूळ उडाली तर गुण नाही.

पात्रतेत पहिला बार हुकला तर दुसरा मारायची मुभा. कुठल्याही बाराने फुटली तरी गुण एकच. म्हणूनच आकडे एवढे वर जातात, आणि सहा जणांच्या फायनलची रेषा १२१, १२२, कधी १२३ ला लागते. १२० वाला वाईट नसतो रे, त्याच्या हुकलेल्या पाच चकत्या पाच राउंडमध्ये पसरलेल्या असतात. दर राउंडला एक. बघणाऱ्याला तर तो चुकतोय असं वाटतही नाही.

फायनलला एका चकतीवर एकच काडतूस. पंचवीस झाल्या की सहावा घरी, मग दर पाच चकत्यांनी एकेक, शेवटी दोघं उरतात आणि पन्नासपर्यंत जातात. चकतीत रंगीत पूड भरलेली असते, म्हणून टीव्हीवर गुलाबी ढग दिसतो. आता माझं मत: हे शून्यावरून सुरू करणं मला अजून पटलेलं नाही. दोन दिवस वाऱ्यात उभं राहून कमावलेली आघाडी अर्ध्या तासात पुसून टाकायची, कारण कॅमेऱ्याला बरं दिसतं. पण हे बोलून दाखवलं की पोरं मला म्हातारा म्हणतात.

तुझ्या फायनलचा विजेता जोसिप ग्लासनोविच, क्रोएशियाचा. तोच रिओला २०१६ मध्ये सुवर्ण घेऊन गेला होता, इटलीच्या जोव्हान्नी पेलिएलोला बरोबरीनंतरच्या शूट-ऑफमध्ये हरवून. पेलिएलोच्या नावावर सिडनीचं ब्राँझ, अथेन्सचं रौप्य, बीजिंगचं रौप्य आणि हे रिओचं रौप्य. चार ऑलिंपिक पदकं, सुवर्ण एकही नाही. आपलंही बघ. पॅरिसला २०२४ मध्ये स्कीट (चकत्या फोडायचाच दुसरा प्रकार) मिश्र सांघिकमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका ब्राँझच्या लढतीत चीनसमोर ४३-४४ ने हरले. एका चकतीने. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये त्याबद्दल बोलणारा एक माणूस मला भेटला नाही.

आता चहा. महाराजांचा खेळ म्हणतोस, तर मनीषा कीरचं नाव ऐकलंयस? भोपाळची. वडील मासेमारी करायचे. राज्याच्या अकादमीने तिला ट्रॅपमध्ये घेतलं, आणि हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सांघिक रौप्य जिंकणाऱ्या तिघींमध्ये ती होती. भोपाळच्या तलावावरची मुलगी इथवर पोचते, मग वरळी कोळीवाड्यातली का नाही? रक्ताचा प्रश्न नाही, जागेचा आहे. दहा मीटरची रेंज शाळेच्या हॉलमध्ये बसते, जिन्याखालीसुद्धा बसवलेली बघितलीय मी. वरळीच्या रेंजने रायफल-पिस्तुलाच्या पिढ्या घडवल्या. शॉटगनचे छर्रे दोनशे मीटरच्या पुढे जाऊन पडतात, समोर तेवढी मोकळी, निर्मनुष्य जमीन लागते. मुंबईत एवढी जमीन मोकळी सापडली तर तिथे चकती उडायच्या आधी टॉवरचं भूमिपूजन होईल. म्हणून दिल्लीचं तुघलकाबाद, पतियाळा, जयपूर, भोपाळ. आणि म्हणून तिथलेच नेमबाज.

सुलभा_मुलुंड

मुलीचा विषय निघालाय म्हणून लिहिते. १९९२ ला बार्सिलोनात स्कीट खुला होता, बायका आणि पुरुष एकत्र. चीनच्या झांग शानने फायनलच्या आधी २०० पैकी २०० फोडल्या आणि सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण घेतलं. पुढच्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी! तिला आपलं पदक राखायला उभंच राहता आलं नाही. महिलांचा स्वतंत्र स्कीट आला २००० ला, सिडनीत. आणि महिलांना चकत्या किती, तर ७५. पुरुषांइतक्या १२५ व्हायला २०१८ उजाडलं.

पॅरिस ऑलिंपिकमधली आद्रियाना रुआनोही भाचीला दाखवा. ग्वाटेमालाची, आधी जिम्नॅस्ट होती. मणक्याच्या दुखापतीने ते संपलं, मग ट्रॅपकडे वळली आणि देशाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण तिने आणलं. बाकी खर्चाचं बारा_बोअर सांगतील, मी चहा_कमी_साखरच्या बाजूने आहे एवढंच म्हणते.

चहा_कमी_साखर

धन्यवाद ताई. जमिनीचं मान्य. पण काका, काडतुसं काय जमिनीतून उगवतात?

बारा_बोअर

नाही उगवत, आणि तिथे तुझं खरं आहे. एअर रायफलच्या छऱ्यांचा पाचशेचा डबा येतो, मूल तो आठवडाभर पुरवतं. ट्रॅपला दिवसाचे चार राउंड धरले तर शंभर चकत्या आणि दुसरा बार धरून शे-सव्वाशे काडतुसं. चकतीचे पैसे वेगळे. बंदूक ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्या), बारा बोअर, बहुतेक इटलीची किंवा जर्मनीची, किंमत लाखांत. विमानात माणशी पाच किलोच काडतुसं नेता येतात, म्हणजे सव्वाशे-दीडशे नग. मॅच आणि सराव दोन्हीला ती पुरत नाहीत, उरलेली तिकडेच घ्यायची. वडिलांच्या पगारावर हे होत नाही, म्हणून अकादमी, सैन्यदल नाहीतर प्रायोजक हवा. राज्यवर्धनसिंग राठोड सैन्यात नसते तर अथेन्स ऑलिंपिकचं रौप्य आलं असतं का, विचार कर.

परळचा_दिगू

काका, भरभरून लिहिलंत, आभार. राठोडांचं २००४ चं रौप्य मला आठवतंय, पेपरात पहिल्या पानावर फोटो होता. पण त्यांचा तो डबल ट्रॅप आता दिसत नाही कुठे? आणि दुसरं, भाचीचं काय करू ते स्पष्ट सांगा. बहीण हा धागा वाचतेय.

बारा_बोअर

बहीणबाईंना नमस्कार.

डबल ट्रॅप १९९६ ते २०१६ ऑलिंपिकमध्ये होता, दोन चकत्या एकदम सुटायच्या. टोकियोला तो काढून मिश्र सांघिक ट्रॅप आणला, बायका-पुरुषांचे सामने समसमान व्हावेत म्हणून. आपलं नुकसान झालं. रंजन सोढी, अंकुर मित्तल यांचा तो प्रकार. मित्तल २०१८ ला चांगवॉनला जगज्जेता झाला तेव्हा ऑलिंपिकचा दरवाजा बंद झालेला होता.

भाचीचं. एकवीसच्या आत स्वतःच्या नावावर नेहमीचा परवाना मिळत नाही, पण बारा वर्षांपुढच्या मुलांना प्रशिक्षणात, देखरेखीखाली सराव करायची सोय कायद्यात आहे. ज्या क्लबात घालाल त्यांनाच कागदपत्रं विचारा, एजंटच्या नादी लागू नका. मुंबईत परवाना पोलिस आयुक्तालयातून येतो. आणि आमच्या सिंधुदुर्गात काकाकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची होती, तसल्या बंदुकीवर "जरा हात बसवू" असलं काही करू नका. ती माकडांसाठी आणि निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा करण्यासाठी असते.

लगेच रायफल सोडायला लावू नका. रायफलवाल्या मुलांना स्थिर उभं राहणं आणि श्वास येतो, हे चांगलं. पण एक सवय आडवी येते. ती नळीच्या टोकाकडे बघून खात्री करतात. शॉटगनला खात्री करायला गेलात की बंदूक थांबते आणि छर्रे चकतीच्या मागून जातात. सुटलेली लोकल पकडताना आपण दांड्याकडे बघतो, पायाकडे नाही, तसं. दोन्ही डोळे उघडे, नजर चकतीवर, आणि बार निघाल्यावरही बंदूक फिरतच राहिली पाहिजे.

सुट्टीत दिल्ली किंवा भोपाळला जाणं झालं तर एकदा नुसतं मागे बसवून बघू द्या. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही. यूट्यूबवर तो आवाज कळत नाही. निम्मी मुलं पहिल्या राउंडनंतर विषय बदलतात, आणि तसं झालं तर बहीणबाईंचा प्रश्न फुकटात सुटला.

टिकली तर आज घरात एवढं करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटं भोक ठेवायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ भोकातच राहतं तो तिचा मुख्य डोळा. रायफलला एक डोळा झाकून चालतं, म्हणून आजवर कुणी बघितलं नसेल. उजव्या खांद्याची आणि डाव्या डोळ्याची निघाली तर खांदा बदलायचा की चष्म्याच्या काचेवर टेप लावायचा, ते ठरवावं लागेल. चौदाव्या वर्षी मी खांदा बदला म्हणेन. काय निघालं ते इथे लिही.