पावसाळ्यात रपेटीचे मैदान कसे राखावे?

प्रश्न : आमच्या गावाने वर्गणी काढून मुलांसाठी अश्वारोहण शाळा सुरू केली आहे. मैदान काळ्या मातीचे असल्यामुळे जुलैपासून त्याचा राडा होतो आणि घोड्यांच्या खुरांना दुर्गंधी येऊ लागते. यावर उपाय काय?

उत्तर १ : काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेली वाळू चिखलातच जाते. वरचा थर काढून मुरूम दाबून बसवावा, त्याला शंभर फुटांना एक-दीड फूट उतार द्यावा, कडेने चर खणावा आणि मगच सुमारे ३ इंच वाळू पसरावी. थर फार खोल झाल्यास घोड्याच्या पायांवर ताण येतो.

उत्तर २ : ही दुर्गंधी खुराच्या तळाशी असलेल्या खाचांतील कुजीची आहे. मोतद्दाराने (घोड्याची निगा राखणाऱ्याने) त्या रोज कोरून कोरड्या कराव्यात. खुरे तासून नाल ठोकणारा नालबंदही ६ ते ८ आठवड्यांनी यायलाच हवा. जनावराला चिखलात उभे करून वर्ग चालवणे मला मुळीच पटत नाही.

उत्तर ३ : मैदान नीट होईपर्यंत मुलांना पागेतच खरारा करणे (घोड्याचे अंग ब्रशने घासणे), चंदी म्हणजे दाण्याचा खुराक मोजून देणे आणि खोगीर कसणे शिकवावे.