झील, झीलकरी आणि ‘री ओढणे’

मौद्याची लेक:
तान्ह्या पोळ्याला गावात खडी गंमत होती, म्हणजे आमच्या विदर्भातला तमाशासारखा लोकनाट्याचा खेळ. शाहिराची ओळख करून दिली, ढोलकीवाल्याची दिली, नाच्याची तर दोनदा दिली. मागे तुणतुणं घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. शेजारच्या काकांना विचारलं, तर म्हणे, “झीलकरी हाय तो, त्याचं काय सांगाचं!” माझं लक्ष मात्र त्याच्यावरच होतं. झील म्हणजे नेमकं काय? कोरसच ना?

पवनीचा भाचा:
नाही ताई, कोरस म्हटलं तर सगळा मामला बिघडते. कोरसात दहा जण मिळून एकच ओळ म्हणतात. झील धरणारा ओळ म्हणतही नाही बहुतेक वेळा. शाहिराच्या तोंडून शेवटचा शब्द सुटायच्या आत तो त्याचा सूर उचलतो, वर नेतो आणि तिथंच लांबवत ठेवतो. पोवाड्यातलं ‘जी जी जी’ ऐकलं असंल, ते झीलकऱ्याचं काम. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, घाम पुसतो, पुढचं कडवं आठवतो. मधात गद्य बोलतो, दोन विनोद करतो. परत गायला लागतो तेव्हा पट्टी सरकली नसते, कारण मागं कोणी तरी ती धरून उभा असते. गळा चढा पाहिजे आणि रात्रभर टिकला पाहिजे. गंमत उभ्यानंच चालते, म्हणून तर ‘खडी’, मंग यानंही उभंच राहायचं.

दुय्यम, म्हणजे दोन शाहिरांचा सवाल-जवाबाचा सामना, असली की खरी कसोटी. शाहिरांचे दोन पंथ, एकीकडे कलगीवाले, दुसरीकडे तुरेवाले. समोरच्या शाहिरानं सवाल टाकला अन् आपल्या शाहिराला जवाब सुचून नाही राहिला, तर झीलकरी धृपद घोळवत बसते. पब्लिकला वाटते रंगत चालली. आम्हाला ठाऊक असते, गडी वेळ काढून देऊन राहिला.

सेवानिवृत्त मास्तर:
भाच्याने छान सांगितले. मला या निमित्ताने एक खुटखुट मांडायची आहे. मराठीने मागे उभे राहणाऱ्यांवर अन्यायच केला आहे. ‘री ओढणे’ म्हणजे साहेब म्हणतील तसे म्हणणे. ‘तुणतुणे वाजवणे’ म्हणजे तेच ते रडगाणे. ‘टाळकुट्या’ तर शिवीच. शाहिराच्या, ढोलकीच्या नावाने अशी कुचेष्टा जवळजवळ नाही. ज्यांनी वाक्प्रचार केले ते पुढच्या सतरंजीवर बसणारे असावेत! एका सुराला रात्रभर धरून राहणे ही साधना आहे, लाचारी नव्हे.
‘झील’च्या व्युत्पत्तीचे म्हणाल तर ‘झेलणे’शी नाते जोडायचा मोह होतो, पण नुसत्या ध्वनिसाम्यावर मी सही करणार नाही.

अकोटवाला:
मास्तर, काहून एवढे तापता! आमच्या वऱ्हाडात खंजिरीचा मान हाय. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजनं म्हणून गावंच्या गावं जागी केली. आमच्या अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज तर सात खंजिऱ्या मांडून वाजवतात, सप्तखंजिरीवादक म्हणूनच त्याईले वळखतात.

पवनीचा भाचा:
भाऊ, पण ते तर मुख्य गाणारे झाले. त्यायच्या मागं टाळ कोण धरते, त्याचं नाव सांगा.

अकोटवाला:
हे मात्र खरं बाप्पा. सांगता नाही येत.

देसाईगंजचा प्रेक्षक:
आमच्या झाडीपट्टीतही, म्हणजे पूर्व विदर्भातही, तेच. दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली की पोस्टरवर नट-नट्यांची नावं ठळक अक्षरात. आमच्या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा अख्खी झाडीपट्टी फुलली, रास्तच होतं. पण ऑर्गनवाल्याकडे बघा एकदा. नटाचा गळा कधी चढतो, कधी बसतो. हा माणूस त्याच्या गळ्याकडे बघून पट्टी बदलतो, नट चुकला तर दोन सूर भरून झाकून घेतो. मी तर तिकीट काढताना विचारतो, ऑर्गनवर कोण आहे? तिकीटवाला हसतो.

मौद्याची लेक:
मला मिळालं उत्तर. आता एक उपप्रश्न. तो म्हातारा मधेच तुणतुणं ठेवून दुसरंच काही काखेत धरून वाजवत होता. आवाज असा गुंईऽऽ करत वरखाली व्हायचा. लोक चोनका म्हणत होते. तेही तुणतुणंच का?

पवनीचा भाचा:
भाऊबंदच, पण स्वभाव वेगळा. तुणतुण्याला दांडी असते, वर खुंटी. तार एकदा पिळून बसवली की सूर हलत नाही, म्हणून झील धरायला तेच बरं. चोनका चौंडक्याच्या, म्हणजे देवीचे जोगती वाजवतात त्या वाद्याच्या जातीचा. त्याची तार हातानं ताणायची, जेवढी ओढ तेवढा सूर वर. ढोलकीशी त्याची छेडछाड चालते. दोन्ही चांगली वाजवणारा एकच माणूस मिळणं कठीण असते. तुमच्या गावच्या बाबांचं नाव काढा ताई, येत्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेत, त्यायले आमच्याकडे बोलावतो. मानधन शाहिराएवढंच देऊ.

सेवानिवृत्त मास्तर:
आणि ओळख करून देताना ‘साथीला’ म्हणू नका. ‘झील’ म्हणा.