मुंबई विमानतळ एवढं गजबजलेलं, मग हब का नाही?

खिडकीची_सीट: बेसिक प्रश्न आहे, हसू नका. बहीण टोरांटोला असते, तिच्याकडे जायचं म्हटलं की परवडणारी तिकिटं दुबई नाहीतर दिल्लीमार्गेच दिसतात. इकडे मुंबईचं टी२ (टर्मिनल २) मध्यरात्री पण पॅक, मग मुंबईच हब, म्हणजे विमान बदलून पुढे जायचं मोठं ठिकाण, का नाही झाली? आणि नवी मुंबई विमानतळ सुरू झालंय, त्याने काही फरक पडेल का?

टॅक्सीवे_तात्या: गर्दी असली म्हणजे हब होत नाही हो. हबला विमानं झुंडीने उतरवावी लागतात, लोकांनी आतल्या आत गेट बदलायचं आणि मग तासा-दोन तासांत सगळी परत उडवायची, दुबईत रात्रभर हेच चालतं. आपल्या मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो. त्यात विमानं वर घिरट्या घालत बसायची म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या वेळची मर्यादा ताशी ४६ विमानांवरून ४४ केली. स्लॉटच (उतरायच्या-उडायच्या ठरलेल्या वेळा) शिल्लक नाहीत तर झुंड उतरवणार कुठे? दिल्लीला चार रनवे आहेत.

पनवेलकर: लंडनचं गॅटविक एका रनवेवर ताशी ५५ काढतं ना पण? असो. आमच्याकडे नवी मुंबईला २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडतायत, पुढे दुसरा समांतर रनवे पण होणारे. घ्या की हब इकडे!

टॅक्सीवे_तात्या: अर्धं इकडे अर्धं तिकडे केलं तर दोन्हीकडे बोंब. कॅनडातल्या मॉन्ट्रियलने १९७५ ला मिराबेल हे नवं विमानतळ उघडलं, आंतरराष्ट्रीय विमानं तिकडे आणि देशातली जुन्या डोर्वाललाच, कनेक्शनवाले वैतागले, टोरांटोचं आयतंच फावलं आणि २००४ ला मिराबेलची प्रवासी विमानं बंद झाली. नागपूरहून नवी मुंबईत उतरलेला माणूस लंडनचं विमान पकडायला बॅगा घेऊन सायन-पनवेल हायवेने सहारला, म्हणजे जुन्या मुंबई विमानतळावर, जाणारे का? एखाद्या कंपनीने सगळा बाडबिस्तरा तिकडे हलवला तरच जमेल.

कोकणी_पायलट (नुसतं नाव हां, मी अकाउंट्सवाला): मुळात हब हवंय कशाला? दुबई-सिंगापूरला घरची माणसं कमी, म्हणून ते जगभरातून गोळा करतात. मुंबईत इथलेच लोक विमान भरतात आणि डायरेक्टला जास्त पैसे पण मोजतात. कंपनी मोजका स्लॉट कनेक्शनच्या स्वस्त तिकिटांवर का घालवेल? @खिडकीची_सीट, तुम्ही दुबईचंच काढा, फक्त मधे तीन तास तरी ठेवा.