मत द्यायला जाताना भीती वाटली आहे का? सातारा-सांगलीकरांनो, लिहा

गलाईवाला (खानापूर तालुका)

आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, त्यामुळं वर्षातले दहा महिने मी तमिळनाडूत. 18 डिसेंबर 2022 ला आमच्याकडं ग्रामपंचायतीचं मतदान होतं. तिकीट काढून ठेवलं होतं. दोन दिवस आधी आईचा फोन आला. "येऊ नगंस. आलास की कुणाच्या तरी बाजूनं उभं ऱ्हावं लागंल. तू जाशील परत, आमाला हितंच नांदायचंय." आदल्या रात्री पारावर दोन्ही पार्ट्यांची हाणामारी झाली होती आणि चुलत्याचं डोकं फुटलं होतं, हे मला नंतर कळलं. मी गेलो नाही. अजून सलतं.

भीतीमुळं मत द्यायचं राहिलं किंवा मनासारखं देता आलं नाही, असं आणखी कुणाचं झालंय? मोकळेपणानं लिहा. गावाचं, माणसांचं नाव मात्र घालू नका.

निवृत्त गुरुजी (माण)

नोकरीत बऱ्याच निवडणुकांना ड्युटी केली. त्यातला एक प्रसंग सांगतो. 2019 ची विधानसभा, मी केंद्राध्यक्ष. साठीची एक बाई शाई लावून घेऊन मशीनकडं निघाली आणि मधेच थांबली. परत फिरून माझ्या टेबलाशी आली, एजंटांकडं पाठ केली आणि हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, ती चिट्टी मागनं कोन वाचतं का?" व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर मशीनच्या काचेत दिसणाऱ्या चिठ्ठीवर मत देणाऱ्याचं नाव छापून येतं आणि रात्री पुढारी त्या चाळत बसतात, असं तिला कुणीतरी भरवलं होतं. मी सांगितलं, चिठ्ठीवर फक्त उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. सात सेकंद काचेतून दिसते आणि बंद पेटीत पडते. तुमचं नाव कुठंच नाही.

तिनं मान हलवली आणि गेली. पुठ्ठ्याच्या आडोशावरून मला तिचा एक हात आणि लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता. बटण दाबायच्या आधी तिनं पदर सोडून त्या काचेवर धरला होता. बीप वाजेपर्यंत तो तसाच धरून होती.

त्या केंद्रावर मतदान चांगलं झालं. म्हणून टक्केवारी बघून "आपल्याकडं भीती नाही" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपल्याकडं भीतीनं माणूस घरी बसतोच असं नाही. भीतीनं तो पुढाऱ्यांनी पाठवलेल्या जीपमध्ये बसतो.

उसाचा शेतकरी

गुरुजी, शंभर टक्के खरं. आमच्यात कुणी कुणाच्या अंगावर हात टाकत नाही, त्याची गरजच पडत नाही. सोसायटीच्या इलेक्शनला मी विरोधी पॅनेलच्या टेबलावर बसून चिठ्ठ्या वाटल्या, एवढंच केलं. त्या साली माझी ऊसतोड जानेवारीत होती. टोळी आलीच नाही. दोन्ही बांधांकडचा ऊस गेला, मधे माझा एकट्याचा फड उभा. विचारायला गेलं की "उद्या येतील." मार्चला ऊस आतून पोकळ पडायला लागला. शेवटी मुकादमाला वरचे पैसे देऊन घालवला. वजनात जी घट आली ती आली. तेव्हापासून घरात निवडणुकीचा विषय निघाला की बायको उठून चुलीकडं जाते. पोरगा अठराचा झाला, त्याचं यादीत नाव घालायलाही ती तयार नव्हती.

वकील, विटा

कुणी कुणाला मत दिलं हे मशीन सांगत नाही. पण विधानसभा-लोकसभेनंतर केंद्रनिहाय आकडे फॉर्म 20 मध्ये, म्हणजे निकालाच्या तक्त्यात, जाहीर होतात. एका वस्तीचं एक केंद्र असेल तर त्या वस्तीनं काय केलं हे शेंबडं पोरगंही सांगतं. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय होती. मशीनसाठी तेच काम करणारा टोटलायझर वापरावा, असा प्रस्ताव निवडणूक आयोगानं 2008 साली दिला. विधी आयोगानं 2015 च्या 255 व्या अहवालात तीच शिफारस केली. अजून तो आलेला नाही, आणि ही मला फार मोठी उणीव वाटते. गावातली भीती त्या आकड्यांवरच जगते.

मतदाराला धमकावणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 171, शिक्षा कलम 174 मध्ये: एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. उमेदवाराच्या माणसांनी वाळीत टाकायची धमकी दिली, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली तेही भ्रष्ट आचरण. पण टोळी आली नाही, याची फिर्याद कशी लिहायची?

मिरजेची लेक

2009 च्या सप्टेंबरात, गणपतीत, उत्सवाच्या कमानीवरून मिरजेत दंगल झाली. संचारबंदी लागली. 13 ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान. आमचं केंद्र ज्या शाळेत होतं, तिथं जायचा रस्ता 'त्यांच्या' गल्लीतून. हा शब्द त्याआधी आमच्या घरात नव्हता. मी 19 वर्षांची, माझं पहिलं मत. घरातल्या बायकांनी जायचं नाही असं वडिलांनी ठरवलं. दुपारी चारला त्याच गल्लीतल्या काकू आमच्या दारात आल्या. त्यांच्याकडं मी शिवण शिकायचे. म्हणाल्या, "चल, माझ्याबरोबर चल. मी परत आणून सोडते." वडिलांनी त्यांना चहा विचारला, पण मला पाठवलं नाही. काकू चहा न घेता गेल्या. पहिलं मत मी 2014 ला दिलं.

खाकीतला, सातारा

त्याच 2009 च्या निवडणुकीला मी गडचिरोलीत बंदोबस्ताला होतो. मतदानाच्या पाच दिवस आधी, 8 ऑक्टोबरला, लाहेरीजवळ नक्षलवाद्यांनी 17 पोलिसांना मारलं. आमच्या केंद्रावर जंगलातून पायी आलेल्या एका माणसानं बोट पुढं केलं आणि लगेच मागं घेतलं. शाई लावू नका म्हणाला, गावात बोटं तपासतात. शाई नाकारली तर मत देता येत नाही, असा नियम. तो थोडा वेळ बोटाकडं बघत उभा राहिला आणि आल्या वाटेनं परत गेला.

जावळीची सून

आमच्याकडं ग्रामपंचायतीला मतदानच होत नाही, गाव बिनविरोध. मागच्या वेळी माझ्या जावेनं महिला राखीव जागेवर अर्ज भरला होता. माघारीच्या आदल्या रात्री देवळात बैठक झाली. साडेअकराला सासऱ्यांनी घरी येऊन तिच्यापुढं माघारीचा कागद ठेवला. गावाची अब्रू म्हणाले. मुंबईला असलेल्या दिराचाही फोन आला, सही कर म्हणून. तिनं केली. आठवड्यानं पेपरात बिनविरोध गावाच्या कौतुकाची बातमी आली.

2021 ला नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळीत ग्रामपंचायतीच्या पदांचा लिलाव उघड झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूक रद्द केली. बोलीचा पुरावा सापडतो. रात्री साडेअकराला घरातल्या घरात झालेल्या सहीचा कुठून सापडणार?

गलाईवाला

सगळ्यांचं वाचतोय. काल आईला फोनवर गुरुजींनी लिहिलेलं वाचून दाखवलं, त्या बाईचं आणि पदराचं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी बी तसंच धरलं हुतं रं." मला कधी सांगितलं नव्हतं.