विमानाच्या आवाजाची तक्रार करायची तरी कुणाकडे? (कराड परिसर)

कोयनाकाठ
सकाळी चहा होतो न होतो तोच शिकाऊ विमान डोक्यावर. जातं, वळतं, पाच-सात मिनिटांनी परत हजर. मांडणीवरचे स्टीलचे डबे किणकिणतात, दहावीतली पोरगी कानात बोटं घालून पाठांतर करते. कराडचं की बारामतीकडून आलेलं, देव जाणे.

विमानापेक्षा तक्रारीनं जास्त वात आणलाय. पोलीस म्हणाले, "आकाश आमच्या हद्दीत नाही." ऑनलाइन अर्ज भरला तर विमानाचा नोंदणी क्रमांक, नेमकी वेळ, उंची विचारली. उंची काय टेप लावून मोजू? जमलं तेवढं लिहिलं. आठवड्यानं शेरा: 'निकाली'. कशाच्या आधारे, कुणी, काही नाही. प्रत्येक उड्डाणाची नोंद उडवणाऱ्याकडे असते, आणि पुरावा गच्चीवरच्या माणसानं द्यायचा!

पाटणचा_पाव्हणा
कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळातली आहे राव. प्लॉट घेताना दिसली नाही? गणपतीत डीजेला वर्गणी देता आणि अर्ध्या मिनिटाच्या विमानाचा त्रास होतो. कमर्शियल पायलटच्या लायसनला २०० तास उड्डाण लागतं, ते काय आभाळातून पडणार? आपली पोरं वैमानिक व्हायची असतील तर कुणाच्या तरी घरावरून उडावंच लागेल.

कोयनाकाठ
डीजेला मी वर्गणी देत नाही, पण ते असो. डीजेवाल्याचा टेम्पो तरी दिसतो, मंडळाचं नाव बॅनरवर असतं. इथं कुणाचं नाव लिहू?

हवाईवाला
नाव वरच असतं. पंखाखाली 'व्हीटी'नं (VT) सुरू होणारी पाच अक्षरं बघा, तोच नोंदणी क्रमांक; मोबाइलनं व्हिडिओ काढला तर वेळही आपोआप नोंदली जाते. एवढं नसेल तर कुठल्या उड्डाणाची चौकशी करणार? 'रोज त्रास होतो' यावर कुणी काय करावं?
उंचीचं म्हणाल, तर दाट वस्तीवर साधारण १००० फूट आणि मोकळ्या रानात ५०० फूट ही किमान मर्यादा. पण उतरताना-चढताना ती लागू नाही. शिकाऊ पोरं धावपट्टीला फेरी मारून टेकतात न टेकतात तोच पुन्हा उडतात, फेरीही हजार फुटांच्या आसपासच असते. म्हणजे तुम्हाला खाली वाटणारं विमान बहुतेक नियमातच असतं.

तासगावची_वकीलीण
नियमात आहे म्हणून त्रास नाही, असं कुठं लिहिलंय? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल धरलेत. तक्रारीला मात्र त्यावर आणखी १० डेसिबल हवेत, म्हणजे दिवसा ६५. गोम पुढंच आहे: ही मर्यादा सरासरीवर मोजतात. विमान येऊन गेलं की मधली शांतता सरासरीत मिसळते आणि कागदावर सगळं आलबेल. मोबाइलच्या ॲपवरचा आकडा तर कुणी धरतच नाही.

सांगलीकर
आमच्या कवलापूरला धावपट्टी असून विमान नाही. थोडा आवाज इकडं पाठवा, आम्ही हारतुरे घालू!

कोयनाकाठ
या न्यायला. पोरगीची परीक्षा संपेपर्यंत तरी.
हवाईवाला, कॅमेरा लावीन. पण सूर्य समोर असला की पंखाखाली नुसता काळा ठिपका दिसतो. तुम्ही सांगता ते ज्याला विमानातलं कळतं त्याच्यासाठी ठीक आहे. शेजारच्या आजींनी काय करायचं? ठिकाण आणि वेळ एवढं घ्या, बाकी तुमच्या वहीत शोधा, एवढंच म्हणतोय.

हवाईवाला
वेळ मिनिटाला पक्की असेल तर सापडतं, हे मान्य. 'सकाळी कधीतरी' असेल तर नाही.

तासगावची_वकीलीण
धावपट्टी सरकारी यंत्रणेकडे असते, तिथं माहिती अधिकारात अर्ज टाका. ठरावीक दिवसांच्या उड्डाणांच्या वेळा मागा, आणि तक्रार कोणत्या अधिकाऱ्यानं कशावरून बंद केली तेही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पाटणचा_पाव्हणा
टाका की. उत्तर आलं तर इथंच चिकटवा. मी तोवर विमानाच्याच बाजूनं.