मृत्यूच्या दाखल्यावर मेसोथेलिओमाची नोंद कशी करून घ्यावी? तातडीने मदत हवी आहे

चिंचवडची_लेक: माझे वडील गेल्या महिन्यात मेसोथेलिओमाने (ॲस्बेस्टॉसच्या धुळीमुळे होणाऱ्या कर्करोगाने) गेले. महापालिकेच्या दाखल्यावर मृत्यूचे कारणच लिहिलेले नाही. ॲस्बेस्टॉसने दगावलेल्यांमध्ये त्यांची गणना व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे. उद्या अर्ध्या दिवसाची रजा घेतली आहे, तेव्हा दुरुस्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा ते आजच सांगावे.

जुना_फिटर: ताई, वडील कुठे कामाला होते आणि कोणत्या साली? आम्ही भोसरीत बॉयलरच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसची दोरी हाताने गुंडाळत असू, आणि तिच्या धुळीने पांढरे झालेले कपडे आमची मंडळी घरी झटकून धूत असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार कामगाराच्या आरोग्याची नोंद रुजू झाल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपणे कारखान्यावर बंधनकारक आहे. आधी ती मागा आणि भरपाईचा दावा लावा.

सदाशिव_पेठ: धूम्रपान करत होते का? तसे असल्यास दावा टिकणार नाही.

छाती_विभाग: हे बरोबर नाही. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखू एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. मेसोथेलिओमा मात्र फुफ्फुसावरच्या आवरणाचा कर्करोग असून त्याचे कारण धूम्रपान नाही. बायॉप्सी झाली होती का? मृत्यू घरी झाला की रुग्णालयात?

 

चिंचवडची_लेक: वडील १९८६ ते २०१४ लॅगिंगच्या (पाइपांना उष्णतारोधक आवरण गुंडाळण्याच्या) कामावर होते आणि त्यांनी विडीलाही कधी हात लावला नाही. बायॉप्सीत मेसोथेलिओमा निश्चित झाला होता. मृत्यू रुग्णालयात झाला. भरपाईचे मी नंतर पाहीन.

नोंदणी_विभाग_निवृत्त: मग उद्याची रजा महापालिकेत घालवू नका. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नातेवाइकांना मिळणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचे कारण छापताच येत नाही. कारण असते ते डॉक्टरांनी भरलेल्या नमुना ४ मध्ये (मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र), आणि आकडेवारी त्यावरूनच तयार होते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक आहे. त्यात मूळ आजार लिहिला नसेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सुधारित प्रमाणपत्र घेऊन निबंधकांकडे कलम १५ खाली अर्ज करावा.

छाती_विभाग: कृपया हे कराच. कामाच्या ठिकाणच्या ॲस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी २ लाखांहून अधिक माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ब्रिटनमध्ये मेसोथेलिओमाच्या मृत्यूंची स्वतंत्र नोंदवही असल्याने तिथे वर्षाला दोन हजारांहून अधिक मृत्यू मोजले जातात. आपल्याकडे पांढरे ॲस्बेस्टॉस आजही आयात होते, आणि आजार २० ते ५० वर्षांनी उठत असल्याने तोवर माणूस, कारखाना आणि कागद यांची ताटातूट झालेली असते.

चिंचवडची_लेक: नमुना ४ ची प्रत आज मिळाली. पहिल्या ओळीत 'श्वसन निकामी होणे' असे आहे आणि मूळ आजार लिहायच्या खालच्या दोन्ही ओळी कोऱ्या आहेत. उद्या बायॉप्सीचा अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटते. फिटरकाका, तुम्ही आणि काकूंनी छातीची तपासणी केली आहे का? डॉक्टरांना दोरीचे आणि त्या कपड्यांचे आवर्जून सांगा. बाबांना ते कुणी विचारलेच नव्हते.